फिटिंगच्या पैशांत व्हॅक्यूम धरा: नाशिकच्या एसी विक्रेत्यांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहर आणि परिसरातील सर्व एसी विक्रेते

विषय: जुन्या एसीतला गॅस हवेत सोडणे थांबवण्याबाबत आणि फिटिंगच्या दराबाबत

सप्रेम नमस्कार,

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. इंदिरानगरला ओळखीच्या घरी कूलरची मोटर बघायला गेलो होतो. समोरच्या फ्लॅटमध्ये एक्सचेंजवर नवा एसी आला होता आणि जुना काढायचं काम चाललं होतं. काढणारा मुलगा वीस-बावीस वर्षांचा असेल. गॅलरीत वाकून त्यानं आउटडोअरची नळी पान्यानं सैल केली आणि मी तीस वर्षं ऐकत आलेला तो आवाज सुरू झाला. फुस्स. काही मिनिटं तो चालूच होता. मुलगा तोवर मोबाइलवर पुढच्या घराचा पत्ता बघत होता.

राहवलं नाही म्हणून मी म्हटलं, "अरे, निदान पंप डाउन तरी करायचा."

तो म्हणाला, "काका, केला असता. पण एक वाजता पाथर्डी फाट्याला फिटिंग आहे, मग आडगावला. आणि पंप डाउन करून गॅस आउटडोअरमध्ये धरून ठेवला तरी हे मशीन जाणार भंगारात. तिथं तांब्यासाठी नळ्या कापतातच की. मी नाही सोडला तर तो सोडेल."

त्याच्या बोलण्यात मला खोट काढता आली नाही. म्हणून हे पत्र त्याला न लिहिता तुम्हाला लिहितो आहे. त्याला एक वाजता पाथर्डी फाट्यावर पाठवणारे तुम्ही आहात आणि जुनं मशीन भंगारात देणारेही तुम्हीच.

मी स्वतः सातपूरच्या आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा ट्रेड केलेला माणूस. सुरुवातीची काही वर्षं निफाड तालुक्यात द्राक्षांच्या शीतगृहावर काढली, नंतर घरगुती फ्रिज आणि एसीच्या कामात पडलो. शीतगृहात अमोनिया होता. व्हॉल्व्हच्या ग्लँडमधून जरा जरी निसटला तरी नाकाला झोंबायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, सगळे धावत सुटायचे. गळती लपवताच यायची नाही. घरच्या एसीतल्या गॅसला ना वास, ना रंग. तो गेला तरी घरातल्या कुणाला पत्ता लागत नाही, शेजारी तक्रार करत नाही, आणि काढणाऱ्याला आपण काही वावगं केलं असं वाटत नाही. मलाही कित्येक वर्षं वाटलं नव्हतं. आमच्या उमेदवारीच्या काळात फ्रिजमध्ये आर-१२ असायचा. नळीतली हवा काढायला, कचरा उडवायला आम्ही तोच गॅस फवारायचो, कारण तो स्वस्त होता आणि उस्तादांनी तसंच शिकवलं होतं. त्या आर-१२ चा एक किलो हवेत सोडणं म्हणजे दहा हजार किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखं होतं, आणि वर ओझोनच्या थराला भोक पाडणाऱ्या वायूंमध्ये तो पुढच्या रांगेत होता. हे मला कळलं तोवर माझ्या हातून किती सिलिंडर असे गेले त्याचा हिशेब लागत नाही. ती बोच अजून आहे.

तुमच्या दुकानांत आज लागलेले बहुतेक एसी आर-३२ चे आहेत. त्यावर "इको-फ्रेंडली गॅस" असं हिरव्या अक्षरांत लिहिलेलं असतं आणि तुमचा सेल्समन गिऱ्हाइकाला तेच सांगतो. खोटं सांगत नाही. आधीच्या एसींतल्या आर-२२ मध्ये क्लोरीन होतं, त्यामुळे तो ओझोनलाही मारक होता आणि वर उष्णताही धरून ठेवायचा. मग आर-४१०ए आला. त्यानं ओझोनचा प्रश्न सोडवला, पण उष्णता धरून ठेवण्यात तो आर-२२ पेक्षाही वरचढ निघाला. आकड्यांत सांगायचं तर कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत आर-२२ हा १,८१० पट, आर-४१०ए हा २,०८८ पट, आर-३२ हा ६७५ पट. शिवाय तेवढ्याच थंडाव्याला आर-३२ कमी भरावा लागतो. म्हणजे सुधारणा खरी आहे, मोठी आहे.

पण ६७५ म्हणजे शून्य नव्हे. आणि हा हिरवा शिक्का गॅस नळीत असेपर्यंतच खरा असतो. नळीत कोंडलेला आर-२२ सुद्धा आकाशाचं काही बिघडवत नाही, आणि हवेत सोडलेला आर-३२ सुद्धा बिघडवतोच. नवा एसी विकताना आपण गिऱ्हाइकाला पर्यावरणाचं पुण्य विकतो, आणि त्याच दुपारी त्याच गॅलरीत जुन्या एसीतला किलोभर आर-२२ सोडून देतो. तो किलोभर गॅस म्हणजे किती, याचा मी एकदा वहीवर हिशेब केला. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. १,८१० ला २.३ नं भागलं तर सुमारे ७८७ लिटर पेट्रोल. लिटरला पन्नास किलोमीटर देणारी मोटारसायकल धरा. नाशिक-मुंबई-नाशिक अशा शंभराहून जास्त खेपा होतात. एवढं त्या काही मिनिटांच्या फुस्समध्ये गेलं. त्या घरात नव्या एसीनं वर्षानुवर्षं वीज वाचवली तरी त्यातली बरीचशी हे फेडण्यातच जाईल.

आता फिटिंगकडे येतो, कारण नव्या गॅसचं नशीब तिथे ठरतं.

तुम्ही फिटिंग "फ्री" म्हणता किंवा ठरावीक रक्कम लावता. त्यातले कारागिराच्या हातात किती येतात हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. हंगामात पोरं दिवसाला चार-चार, पाच-पाच फिटिंग ओढतात. नवा स्प्लिट एसी नीट बसवायचा तर तांब्याची नळी कापून तिची बर, म्हणजे कडेला राहिलेली धार काढायची, फ्लेअर, म्हणजे नळीचं कर्ण्यासारखं पसरवलेलं टोक, गुळगुळीत पाडायचा, नट टॉर्क पान्यानं आवळायचा, नायट्रोजन मारून गळती तपासायची, मग व्हॅक्यूम पंप लावून अर्धा तास तरी हवा आणि ओल खेचून काढायची, गेज स्थिर राहतं का बघायचं, आणि मग गॅस सोडायचा. पंपाचं वजन आठ-दहा किलो. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तो चढवायचा. आपल्या दरात यातलं अर्धंही बसत नाही. मग कारागीर काय करतो? आउटडोअरमधला थोडा गॅस सोडून नळीतली हवा ढकलून बाहेर काढतो, नट हाताच्या अंदाजानं आवळतो आणि निघतो. एसी त्या दिवशी थंड होतो. गिऱ्हाईक खूश, तुम्ही खूश.

आर-२२ च्या काळात हे खपून जायचं. त्यातलं खनिज तेल ओल फारशी धरत नसे. आर-४१०ए आणि आर-३२ सोबत जे तेल येतं ते ओल अक्षरशः पिऊन घेतं. आत राहिलेल्या ओलीनं पुढे आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगला खातं. शिवाय आर-३२ चा दाब आर-२२ च्या साधारण दीडपटीहून जास्त. जो फ्लेअर तेव्हा तग धरायचा तो आता झिरपतो. दोन-तीन उन्हाळे गेले की थंडावा कमी होतो आणि सुरू होतं ते "गॅस भरणं".

या गॅस भरण्याबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण माझा राग खरं तर इथे आहे. कॉलेज रोडवरच्या एका काकू मला सांगत होत्या, "मी दर मार्चमध्ये न चुकता गॅस भरून घेते हो, उन्हाळ्याच्या आधी." जसं घरात मीठ-मसाला भरावा तसं. सलग चार वर्षं कुणीतरी येऊन पैसे घेऊन भरून गेला होता. त्यांना कुणी एकदाही सांगितलं नव्हतं की एसीतला गॅस संपत नाही. तो आटत नाही, जळत नाही, विटत नाही. बंद नळीत गोल गोल फिरतो आणि मशीनच्या आयुष्यभर तोच पुरायला हवा. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळला. मी साबणाचा फेस लावला तर इनडोअरच्या मागच्या फ्लेअर नटाशी बुडबुडे. नटाखाली तेलाचा काळपट डाग, म्हणजे गळती जुनीच. फ्लेअर नव्यानं पाडला, नट आवळला, व्हॅक्यूम केला, वजन करून गॅस भरला. त्यानंतर काकूंचा मार्च कोरडा गेला आहे. चार वर्षांत त्या एका सैल नटातून किती आर-४१०ए नाशिकच्या हवेत गेला असेल, आणि गॅस कमी असताना कॉम्प्रेसर तासन्‌तास न थांबता चालून एकलहऱ्याच्या वीज केंद्रात किती कोळसा जळला असेल, याचा विचार मी घरी येताना स्कूटरवर करत होतो.

विक्रेत्यांनो, "वार्षिक सर्व्हिस गॅस भरण्यासह" अशी पाटी कृपया काढून टाका. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं आहे.

आता तुमच्यापैकी काही जणांनी मला तोंडावर विचारलेली शंका. "हे नवे गॅस पेट घेतात म्हणे, मग कशाला हा घाट?" आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे हे खरं. खोलीतल्या हवेत त्याचं प्रमाण चौदा टक्क्यांच्या आसपास गेल्याशिवाय तो पेटत नाही, आणि पेटला तरी सावकाश. घरात बसलेल्या माणसाला त्याची भीती बाळगायचं फारसं कारण नाही. काम करणाऱ्याला मात्र आहे. नळीत गॅस असताना डाख द्यायची ज्वाळेची टॉर्च लावायची नाही, जळलेल्या गॅसमधून विषारी वाफ निघते. पंप डाउन करताना एखादी नळी उघडी राहून कॉम्प्रेसरनं हवा आत ओढली तर आतलं तेल आणि हवा मिळून कॉम्प्रेसर बॉम्बसारखा फुटू शकतो. घाईत असलेल्या पोराच्या हातून नेमक्या याच चुका होतात. तुम्ही दिलेला दर त्याला घाईत ढकलतो, हे मी पुन्हा लिहितो.

आर-२९० ची गोष्ट वेगळी. तो म्हणजे शुद्ध प्रोपेन. हवेला त्याचा त्रास नगण्य, कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेतला आकडा ३ च्या आसपास. गोदरेजनं २०१२ मध्येच या गॅसचे एसी आपल्या देशात बाजारात आणले होते. तो चांगलाच पेट घेतो, म्हणून मशीनमध्ये जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा किलो भरतात. आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात १४.२ किलोचा सिलिंडर असतो आणि त्यातही प्रोपेन-ब्युटेनच असतं. बहुतेक नव्या फ्रिजमध्ये कित्येक वर्षांपासून आयसोब्युटेन आहे. गिऱ्हाइकाला हे सांगितलं तर तो समजून घेतो. फक्त स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, एसीतल्याला नसतो, हे कारागिरानं विसरायचं नाही. आणि काही जण जुन्या आर-२२ च्या मशीनमध्ये स्वस्त पडतो म्हणून हा गॅस भरून देतात, ते ताबडतोब बंद व्हायला हवं. त्या मशीनचे रिले, कॉन्टॅक्टर ठिणगी पाडणारे, प्रोपेनसाठी बनवलेलेच नाहीत.

मला विचाराल तर पुढचा रस्ता आर-२९० चा आहे आणि आर-३२ हा मधला मुक्काम. पण त्या रस्त्यावर जायचं तर आधी आपले हात सुधारले पाहिजेत. ज्या शहरात आर-३२ ची नळी अंदाजानं आवळली जाते तिथे प्रोपेन आणणं मला पटणार नाही.

सरकारी वेळापत्रक तुम्हाला माहीत असेल, तरी उजळणी करतो, कारण त्यात तुमच्या धंद्याचं गणित आहे. १९८७ चा माँट्रिअल करार ओझोनसाठी होता, आणि त्याला २०१६ मध्ये किगालीत जी दुरुस्ती झाली तिच्यामुळे आर-४१०ए, आर-३२ सारखे गॅसही त्यात आले. भारतानं ती २०२१ मध्ये मान्य केली. २०२८ पासून आपल्याकडे या गॅसांचा वापर गोठवायचा, २०३२ पासून टप्प्याटप्प्यानं उतरवायचा आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करायचा. आर-२२ वर चालणारी नवी मशीन बनवणं १ जानेवारी २०२५ पासून बंद आहे, आणि २०३० नंतर नवा आर-२२ फक्त जुन्या मशीनच्या दुरुस्तीपुरता, तोही नावाला मिळेल. नाशिकमध्ये आर-२२ ची किती मशीन अजून चालू आहेत ते गावभर गॅलऱ्यांकडे नजर टाकली तरी दिसेल. त्यांना पुढची काही वर्षं गॅस लागणार आहे. आज आपण जो फुकट उडवतो तो उद्या मिळणार नाही. एक्सचेंजमधल्या मशीनमधून तो काढून, साफ करून ठेवणारा विक्रेता पुढे पैसे कमावेल, हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो.

आणि वेळ फार नाही. २०२७ चा सिंहस्थ येतो आहे. पंचवटीपासून नाशिकरोडपर्यंत आणि वर त्र्यंबकला हॉटेलं, लॉज, भक्तनिवास नवे एसी बसवतील. एका दमात जेवढे नवे लागतील त्यांतले बरेच जुन्यांच्या जागी लागतील. ती जुनी मशीन कोण काढणार आणि कशी काढणार हे आत्ता ठरलं नाही तर गोदाकाठी लाखो लोक डुबकी मारायला येतील तेव्हा आपण वर आकाशात काय ओतून ठेवलं असेल ते मला लिहवत नाही.

तर माझं मागणं असं. फिटिंगच्या बिलात व्हॅक्यूम आणि गळती-तपासणी वेगळी ओळ म्हणून लिहा, तिचे पैसे गिऱ्हाइकाकडून घ्या आणि ते पूर्ण कारागिराला द्या. गिऱ्हाईक कुरकुरेल असं तुम्ही म्हणाल. चाळीस हजारांचं मशीन घेणाऱ्याला पाचशे रुपये कशाचे ते समजावलं तर तो देतो, माझा अनुभव आहे. बिलावर गॅसचं नाव आणि ग्रॅममध्ये वजन लिहा. ज्या मुलाकडे व्हॅक्यूम पंप आणि आर-३२ ला चालणारं गेज नाही त्याला नव्या मशीनच्या फिटिंगला पाठवू नका, त्यापेक्षा त्याला पंप हप्त्यानं घेऊन द्या. दिवसाला तीनच फिटिंग द्या, मे महिन्यातसुद्धा.

आणि रिकव्हरी मशीन, म्हणजे जुन्या एसीतला गॅस ओढून सिलिंडरात भरणारं यंत्र. एकट्या दुकानदाराला ते महाग पडतं, मान्य. पण चार-पाच दुकानांनी मिळून एक घेतलं तर? सिडकोत एक, गंगापूर रोडला एक, नाशिकरोडला एक. आर-३२ ला चालणारं, म्हणजे ज्वलनशील गॅससाठी बनवलेलंच घ्या. सोबत प्रत्येक गॅसचा वेगळा रिकव्हरी सिलिंडर. दोन गॅस एकत्र झाले की दोन्ही वाया. मशीन भंगारात देण्याआधी गॅस काढल्याची नोंद एका वहीत ठेवा. ई-कचऱ्याच्या नियमांत एसी येतो, त्याच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे. तुम्ही त्यांचे डीलर आहात. रिकव्हरीचा खर्च त्यांच्याकडे मागा, एकट्यानं नव्हे, सगळ्यांनी मिळून.

केंद्र सरकारनं २०१९ मध्ये थंडाव्याचा जो राष्ट्रीय आराखडा काढला त्यात एक लाख कारागिरांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्यायचं ठरवलं होतं. इंदिरानगरच्या त्या मुलाला मी विचारलं होतं, असं काही शिकलास का. म्हणाला, "एका भावानं शिकवलं, तीन महिन्यांत." पोरगा हुशार होता. माझ्या समोर त्यानं नव्या मशीनचा ब्रॅकेट भिंतीला असा काटकोनात मारला की लेव्हल लावायची गरज पडली नाही. अशा हातांना नीट शिकवणारं कुणी भेटलं नाही याचं वाईट वाटतं.

माझ्याकडे एक वापरलेलं रिकव्हरी मशीन आहे, दोन वर्षांपूर्वी घेतलं, चांगलं चालतं. सातपूरच्या माझ्या दुकानात दर रविवारी सकाळी मी असतो. तुमच्याकडच्या मुलांना पाठवा, पंप डाउन, रिकव्हरी, फ्लेअर, सगळं दाखवतो, पैसे नकोत. तेवढ्या वेळाचा पगार मात्र तुम्ही कापू नका. आठवड्यात कुणाला मशीन लागलं तर घेऊन जा. सिलिंडर रिकामा मिळेल, ऐंशी टक्क्यांच्या वर भरू नका, आणि परत आणताना आत कुठला गॅस आहे ते त्यावर मार्करनं लिहून आणा.

आपला,
सातपूरचा एक एसी मेकॅनिक